मूळ देशाचा रकाना

शारजाच्या खाडीवर माझं टेबल म्हणजे
दोन पिंपांवर टाकलेली फळी.
सप्टेंबर संपत आला तरी
कागदावर आधी घाम पडतो, मग अक्षर.
मालाची यादी लिहितो मी :
जुने टायर, टोमॅटोचे डबे, पाम तेल,
तीनशे सौरपॅनेल, वापरलेले,
कुठल्याशा जर्मन शेतातून उपटलेले.
गलबत मांडवीचं. बंदर बोसासो.

उबाह वर्सामे सहाव्यांदा आली आहे.
ओढणीचं टोक दातात धरून
एकेक पॅनेल उलटं करते,
पाठीवरच्या तारा बोटानं चाचपते,
सुरमईचे कल्ले उघडून बघावेत तशी.
सतरा बाजूला काढले. "हे मेलेत."
विकणाऱ्यानं आईची शपथ घेतली.
तिनं मीटर लावला.
शपथेचा काटा शून्यावर.

एवढी वीज कशाला, मी विचारलं होतं
पहिल्या खेपेला.
"बर्फाला," म्हणाली.
तिच्या किनाऱ्यावर कुपा येतो नावा भरून,
आणि दुपारपर्यंत निम्मा परत समुद्रात, सडून.

मी पुढे काही विचारलं नाही.
हर्णैच्या लिलावात माझा बाप बर्फ फोडायचा,
भुसा झटकून, टोच्यानं.
आसूदच्या वळणावर बर्फाची गाडी अडकली
की अख्ख्या बंदराचा भाव पडायचा.
विकास म्हणतात तो मी पहिल्यांदा पाहिला
तेव्हा तो थंडगार होता
आणि बापाच्या हातातून गळत होता.

पैसे ती मोजत नाही.
फोनची चार बटणं दाबते,
देऱ्यातल्या दलालाच्या खिशात टिंग वाजतं.
तिच्या गावी शेळीवालासुद्धा नोट घेत नाही,
नोटेला उंदीर लागतात म्हणे.
माझी आई अजून पासबुक छापून आणते,
शाई हाताला लागली
की मुलानं पैसे पाठवले यावर विश्वास बसतो तिचा.
कोण पुढे, कोण मागे,
हे या फळीवर बसून सांगता येत नाही.

मग बॅटऱ्या. नग चाळीस.
मूळ देश?
खोक्यावर चीन छापलंय, मी च काढला.
"थांब," उबाह म्हणाली.
"माझा धाकटा भाऊ कोल्वेझीहून ट्रक हाकतो.
खड्ड्यातून पोतं वर येतं
तेव्हा त्याची किंमत दोन चहा.
मग ते जहाजात बसतं, शिकून येतं,
आणि आम्हालाच भाव सांगतं."
हसली. हसणं तसं नव्हतं.

मला वाटलं लिहावं :
माहेरी चालली आहे, हुंडा परत घेऊन.
पण कस्टमचा फौझी साहेब
विनोदावर शिक्का मारत नाही.
मी न काढला. चीन.

बहिणीच्या मुलीचं सांगितलं तिनं जाता जाता.
अयान, वय चौदा.
बंद पडलेला इन्व्हर्टर भाजीच्या सुरीनं उघडला,
तीन दिवस त्याच्याशी भांडली,
चौथ्या दिवशी पंखा फिरला.
आता गावातले मेलेले फोन तिच्या दारात
रांगेत असतात, दवाखान्यासारखे.
"पुढच्या खेपेला पॅनेल नको," उबाह म्हणाली.
"हे बनवतात कसं, ते शिकवणारा माणूस दे.
तुझ्या यादीत बसतो का?"

मी रकाने पाहिले.
नग. वजन. किंमत.
माणूस बसेल असा एकच आहे, खलाशांचा,
आणि तो भरलेला.

भोंगा झाला. दोर सुटले.
धक्क्यावर उरलेल्या सतरांपैकी एकावर
नूरुल हमाल डबा उघडून बसला,
वरणात ऊन पडलेलं.
मी कागदाची चौथी प्रत फाडली,
माझ्यासाठी असते ती.
मागच्या कोऱ्या बाजूला
सहज म्हणून लिहिलं :
अयान, चौदा, बोसासो.
वजन माहीत नाही.